तारखेच्या आधीचे पंधरा दिवस

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी होती. बालकल्याण समितीच्या (काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीच्या) दारात एका आईने आरडाओरडा केला, शेवटी पोलिसांना बोलवावं लागलं. तिचं मूल समितीने बालगृहात ठेवलं होतं. बातमी तिथेच संपली. ती बाई पुढच्या तारखेला काय करणार, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कारण दीड वर्षापूर्वी त्याच तऱ्हेने मीही ओरडलो होतो, आणि त्याची किंमत माझ्या दोन मुलांनी भरली.

मी एका कारखान्यात फिटर आहे. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती, मुलगा सातचा. माझी रात्रपाळी असली की शेजारच्या काकू मुलांजवळ झोपायला यायच्या. त्या आठवड्यात काकू गावी गेल्या होत्या. चार रात्रींचाच प्रश्न आहे, असं म्हणून मी बाहेरून कडी लावून कामावर गेलो. दोन रात्री निभावल्या. तिसऱ्या रात्री मुलाला जाग आली, त्याने बादली पालथी घालून खिडकीशेजारच्या मागच्या दाराची कडी काढली आणि मला शोधायला निघाला. रात्री साडेबाराच्या सुमाराला गस्तीच्या गाडीला तो रस्त्यावर अनवाणी सापडला. पोलिस त्याला घेऊन घरी आले, तर आत मुलगी एकटी. मला फोन आला तेव्हा मी मशीनखाली होतो, फोन लॉकरमध्ये.

कायद्याने अशा मुलाला २४ तासांच्या आत समितीसमोर हजर करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी दुपारी आम्ही समितीपुढे होतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, अंगावर कामाचेच कपडे. मी काय काय चुका केल्या ते क्रमाने सांगतो. पहिली म्हणजे मेहुण्याने नगरसेवकाचा माणूस आणला. त्याला आत सोडलं नाही, प्रकरणाशी संबंध नसलेल्या माणसाने तिथे थांबायचं नसतं. त्यावरून दारातच वाद. दुसरी, मी आत गेल्या गेल्या शेजारी, पोलिस, कंपनी सगळ्यांना दोष दिला. माझ्या हाताने लावलेल्या कडीबद्दल एक शब्द नाही. तिसरी चूक आठवली की अजून मान खाली जाते.

बाहेरच्या पॅसेजमध्ये मुलीजवळ दोन मिनिटं मिळाली होती. मी तिच्या कानात म्हटलं, ‘विचारलं तर सांग, आत्या रोज झोपायला येते.’ माझी बहीण त्या काळात आमच्या घरी राहतच नव्हती. आत एका सदस्य बाईंनी मुलीला जवळ बसवून घेतलं, शाळेचं विचारलं, मग सहज म्हणाल्या, ‘रात्री कोण असतं गं?’ मुलगी म्हणाली, ‘आत्या.’ ‘आत्या कुठे झोपते, पलंगावर की खाली?’ मुलगी माझ्याकडे बघायला लागली. एकटक. उत्तर नव्हतं तिच्याकडे, मी ते शिकवलंच नव्हतं. मग तिला रडू फुटलं आणि मी आवाज चढवला. त्या दिवशीच्या नोंदीत ‘पालकाने बालिकेस पढवल्याचे दिसून येते’ असं एक वाक्य पडलं. त्यानंतर मी कितीही खरं बोललो तरी ते त्या वाक्यातून गाळूनच ऐकलं जाणार होतं.

चौकशी होईपर्यंत दोघांना बालगृहात ठेवायचा आदेश झाला. मुलींचं बालगृह एकीकडे, मुलांचं दुसरीकडे. आईमागे एकमेकांना धरून राहिलेली भावंडं त्या संध्याकाळी दोन गाड्यांतून दोन दिशांना गेली. (आमच्याकडे अजून सगळे त्याला रिमांड होमच म्हणतात. कायद्यात गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळ आणि निरीक्षणगृह वेगळं, आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी समिती आणि बालगृह वेगळं. पण हे चाळीतल्या लोकांना कोण सांगणार? ‘पोरं रिमांड होमला टाकली’ म्हटलं की पोरांनीच काही केलं असणार, अशी कुजबुज सुरू होते.)

आता मुद्द्यावर येतो. मला वाटत होतं की निकाल पुढच्या तारखेला, त्या खोलीत लागणार. मग मी त्या दिवसाच्या भाषणाची तयारी करत बसलो. प्रत्यक्षात तो बराचसा आधीच लागत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ यात असं आहे की सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हावी, म्हणजे मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत समितीला अंतिम आदेश देता येईल. ही तपासणी म्हणजे आपण ज्याला गृहचौकशी म्हणतो ती. सामाजिक कार्यकर्ती घरी येते, शेजारी, शाळा, नातेवाईक सगळीकडे विचारते आणि अहवाल लिहिते. समिती तो वाचून बसलेली असते. तुमच्यासमोरची दहा मिनिटं त्यानंतरची. हे पंधरा दिवस तयारीचे असतात, आणि मी त्यातले सहा दिवस लोकांना भेटून ‘वशिला आहे का’ विचारण्यात घालवले.

सातव्या दिवशी कारखान्यातल्या युनियनच्या एका जुन्या माणसाने मला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत नेऊन बसवलं. माझा समज होता की मोफत वकील फक्त अगदी गरिबाला मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बायका आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत मदत आहे, हे तिथे कळलं. आणि त्याच यादीत औद्योगिक कामगारही आहे! पंचवीस वर्षं कामगार म्हणून पगारपत्रकावर सही करतोय, हे एकदाही कानावर आलं नव्हतं. तिथल्या वकील बाईंनी फॉर्म भरून घेतला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, ‘तुम्ही भांडायला नाही चाललात, घर दाखवायला चाललाय. तिथे समोर विरुद्ध पार्टी नसते.’

त्यांनी मला सगळी हकीकत सांगायला लावली. मी सुरू केलं ते बायकोच्या आजारपणापासून. त्या घड्याळाकडे बघत होत्या. बावीस मिनिटं झाली. म्हणाल्या, चार मिनिटांत बसवा. काय चुकलं ते एका वाक्यात, का चुकलं ते एका वाक्यात, उरलेला सगळा वेळ आता घरात काय बदललंय त्याला द्या. आणि ज्याचा कागद नाही ते बोलू नका. मी रोज रात्री आरशासमोर नाही, स्वयंपाकघरात भांडी घासताना ती चार मिनिटं म्हणत असे. पहिलं वाक्य होतं, ‘मी मुलांना रात्री कोंडून कामाला गेलो, ही माझी चूक.’ हे वाक्य घशातून बाहेर यायला मला तीन दिवस लागले.

मग कागद. शंभर पानी वही घेतली. कोणत्या तारखेला कोणाला भेटलो, त्यांचा हुद्दा काय, ते काय म्हणाले, पुढे काय करायचं, सगळं त्यात. कंपनीकडून पत्र मागितलं तर एचआरने ‘वर्तणूक समाधानकारक’ असं दोन ओळींचं दिलं. वकील बाईंनी ते परत पाठवलं. समितीला माझी वर्तणूक नको होती, रात्री मी कुठे असतो ते हवं होतं. सुपरवायझरच्या पाया पडून कायमची पहिली पाळी मागितली, रात्रपाळीचा भत्ता सोडला, तेव्हा ‘अमुक तारखेपासून सकाळी सात ते दुपारी साडेतीन’ असं सही-शिक्क्याचं पत्र मिळालं. मुख्याध्यापिका बाईंनी दोघांची वर्षभराची हजेरी लिहून दिली आणि पालकसभेला कोण येतं तेही लिहिलं. मुलाला दम्याचा त्रास आहे. त्याचा पंप, डॉक्टरांची चिठ्ठी आणि लसीकरणाचं कार्ड मी खरं तर पहिल्याच दिवशी बालगृहात द्यायला हवं होतं. चौथ्या दिवशी दिलं. मधल्या रात्री त्याने कशा काढल्या हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

बहीण सासरी बोलून वर्षभरासाठी आमच्याकडे राहायला आली. नुसतं ‘आत्या येणार आहे’ याला अर्थ नसतो. ती स्वतः तिच्या आधारकार्डासकट समितीपुढे उभी राहिली, तेव्हा तो मुद्दा झाला.

गृहचौकशीच्या दिवसाचं सांगायलाच हवं. मी फिटर. मुलगा कडी काढून गेला म्हणून मी वर्कशॉपमधून पट्टी कापून आणली आणि मागच्या दाराला सहा फुटांवर अशी कडी बसवली की मोठ्या माणसालाही टाचा उंच कराव्या लागतील. मोठ्या दिमाखात ती सामाजिक कार्यकर्तीला दाखवली. पंचविशीची मुलगी होती, पाठीला सॅक. तिने कडीकडे बघितलं, खाली ठेवलेल्या गॅसच्या शेगडीकडे बघितलं आणि विचारलं, ‘रात्री आग लागली तर ही दोघं बाहेर कशी पडतील?’ मी गप्प. त्या घरात वाढलेला, दारं-खिडक्या हाताने बसवलेला माणूस मी, आणि मला तो प्रश्न सुचला नव्हता. ती म्हणाली, ‘काका, कडी नका वाढवू. माणूस वाढवा.’ त्याच संध्याकाळी मी कडी उतरवली. मुलांच्या हाताला येईल अशा ठिकाणी भिंतीवर माझा, आत्याचा, काकूंचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिला आणि खाली मुलांच्या मदतीचा नंबर, १०९८.

तिने पंख्याखालचा पलंग, शाळेची दप्तरं, औषधांचा डबा बघितला. माझ्या मोबाइलमध्ये मुलांच्या वर्गशिक्षिकेचा नंबर आहे का ते विचारलं. होता. या मुलीने नोंदी खऱ्या केल्या, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे झालं त्यात तिचा दोष नव्हता.

पुढची तारीख दोनदा लांबली. एकदा पुरेसे सदस्य नव्हते. अंतिम निर्णयाला किमान तीन हवेत. एकदा मुलाला आणायला बालगृहाकडे माणूस नव्हता. समितीने महिन्यातून किमान २० दिवस बसायचं असा नियम आहे, तरी प्रत्येक तारखेला माझा एक खाडा होत होता आणि मुलांचा एक आठवडा जात होता. याबद्दल मला राग आहे आणि तो इथे लिहायला मला संकोच वाटत नाही. कामकाजाबद्दल अशी तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, हेही मला उशिरा कळलं.

दरम्यान दर भेटीच्या दिवशी मी दोन्हीकडे जायचो. आधी मुलगा, मग दोन बस बदलून मुलगी. वकील बाईंनी बजावलं होतं की एकही भेट चुकवायची नाही, रजिस्टरला सही राहते. आणि केसबद्दल मुलांशी चकार शब्द काढायचा नाही. पहिल्या भेटीत मुलीचे केस कापलेले होते, अगदी कानापर्यंत. उवा होत्या म्हणे. आई गेल्यानंतर मी तिची वेणी घालायला शिकलो होतो, शेजारच्या काकूंकडून, सुतळीच्या तीन दोऱ्यांवर सराव करून. तिने मानेवरून हात फिरवत मला विचारलं, ‘बाबा, आता तुम्हाला सकाळी वेळ वाचेल ना?’

तिसऱ्या तारखेच्या आधी वकील बाईंनी एक अर्ज लिहिला. तो प्रत्येक आईबापाने करावा म्हणून इथे सांगतो. समितीपुढचा अहवाल गोपनीय असतो. पण बाल न्याय कायद्याच्या कलम ९९ प्रमाणे समितीला योग्य वाटलं तर ती त्याचा सारांश पालकांना सांगू शकते आणि त्यावर पुरावा द्यायची संधी देऊ शकते. आम्ही ती मागितली. अध्यक्षांनी अहवालातले तीन मुद्दे वाचून दाखवले. दोन बरोबर होते. तिसरा होता, ‘पालक मद्यपान करत असल्याचे परिसरातून समजले.’ मी दारूला शिवत नाही. पाळीवरून येताना माझे डोळे वेल्डिंगने लाल असतात, चाल अडखळते, कोणीतरी काहीतरी सांगितलं असणार आणि त्या सामाजिक कार्यकर्तीने ऐकलेलं ऐकलेलं म्हणून लिहिलं. पहिल्या दिवसाचा मी असतो तर टेबलावर हात आपटला असता. या वेळी म्हटलं, ‘हे खरं नाही. कंपनीच्या वैद्यकीय तपासणीचे कागद देतो, शेजाऱ्यांना पुन्हा विचारा.’ समितीने पुन्हा चौकशी करायला सांगितली. दुसऱ्या अहवालात ते वाक्य नव्हतं. आम्ही अर्ज केला नसता तर ते माझ्या मुलांच्या फाइलमध्ये कायमचं बसलं असतं आणि मला ते कधी कळलंही नसतं.

शेवटच्या सुनावणीची खोली मी पहिल्यांदा नीट बघितली. कोर्टासारखा कठडा नाही, उंच चौथरा नाही, साधं टेबल. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, पण बसायची उंची आपल्याएवढीच. त्याच सदस्य बाई होत्या. मी माझं पहिलं वाक्य म्हटलं. मग त्यांनी बहिणीला विचारलं, ‘तुम्ही कुठे झोपता?’ बहीण म्हणाली, ‘खाली, दाराशी. मुलगा झोपेत चालतो की काय याची धास्ती वाटते.’ बाईंनी मान हलवून काहीतरी लिहिलं. मुलांना त्यांनी आम्हाला बाहेर बसवून वेगळं विचारलं. काय विचारलं, काय उत्तर मिळालं, मला माहीत नाही.

पहिल्या हजेरीपासून ७१ व्या दिवशी मुलं घरी आली. हमीपत्र लिहून घेतलं, सहा महिने देखरेख ठेवली. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, हे कायद्याच्या मूळ तत्त्वांमध्येच लिहिलेलं आहे. मुलांना घरी पाठवणं, हवं तर देखरेखीखाली, हाही त्याच कायद्यातला आदेश आहे. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येतं. हे सगळं मला ७१ दिवसांत तुकड्या-तुकड्याने, चहाच्या टपरीवर, वकिलांच्या बाकावर, एका शिपायाच्या दयेने कळत गेलं.

माझी महिला व बालविकास विभागाला या पत्रातून एकच विनंती आहे. पहिल्या दिवशी, मूल हजर केल्यावर, आईबापाच्या हातात साध्या मराठीत छापलेलं एक पान द्या. गृहचौकशी १५ दिवसांत होईल. हे हे कागद जमवा. मुलाचं औषध आजच बालगृहात द्या. विधी सेवेची खोली इथे आहे, फोन हा आहे. अहवालाचा सारांश मागता येतो. भेटीचे वार हे. मुलाला काही शिकवू नका. आणि मुलाचं नाव किंवा फोटो कुठे टाकू नका. माझ्या मेहुण्याने पहिल्याच रात्री दोघांचे फोटो ‘न्याय द्या’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवले होते. कलम ७४ खाली अशी ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्या ग्रुपवरून ते काढायला लावताना निम्म्या नातेवाइकांशी माझं वाजलं.

या कारणासाठीच माझं नाव, गाव, कारखाना काहीही छापू नये. आणि बातमीतल्या त्या आईचं नावही तुमच्या वार्ताहराला माहीत असलं तरी छापू नका. पण तिच्यापर्यंत पोचता येत असेल तर एवढा निरोप द्या की विधी सेवेच्या खोलीत बायकांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आणि तिची चौकशी अजून व्हायची असेल तर तिच्याकडे वेळ आहे.

मुलीचे केस आता खांद्याच्या खाली आलेत. दोन वेण्या बसतात, रिबिनीसकट.

आपला,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)